इंग्रजी क्रियापदं आणि वरचा स्वल्पविराम : नेमका घोळ कुठं होतो?

डीटीपीवाला

नमस्कार मंडळी. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळ माझं टायपिंग, झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर लोक हातानं लिहिलेले कागद घेऊन येतात. मार्कशीट हरवल्याचा अर्ज, घरमालकाला नोटीस, पोराचं बाहेरच्या युनिव्हर्सिटीसाठीचं एसओपी (प्रवेश का हवा हे सांगणारा निबंध), मेसचा फ्लेक्स, लग्नसराईत पत्रिका. मराठी मजकूर असला की माझं मला समजते. इंग्रजी आला की हात थबकतो, कारण गिऱ्हाईक म्हणते “जसं आहे तसं मारा”, आणि छापून झाल्यावर चूक निघाली की तेच म्हणते “तुम्ही पाहिलं नाही का भाऊ?”

स्पेलिंग चुकलं तर कॉम्प्युटर लाल रेघ ओढते. पण खरी भानगड अशा शब्दांची आहे जे स्वतः बरोबर असतात, फक्त चुकीच्या खुर्चीत बसलेले असतात. इट्स आणि इट’स. युअर आणि यू’र. हूज आणि हू’ज. लाय आणि ले. लूज, लॉस्ट. तिथे रेघ बहुतेक वेळा येतच नाही. नवे प्रोग्राम निळी रेघ दाखवतात, पण तीही कधी बरोबर शब्दाखाली येते, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवून छापता येत नाही.

सगळं देवनागरीतच लिहितो आहे. ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, जिथे आहे तिथे तो टाकतो.

माझी एक युक्ती आहे : ’ दिसला की शब्द सोडवून वाचायचा. इट’स म्हणजे इट इज. “द मेस इज नोन फॉर इट इज टेस्ट” असं वाचलं की कानाला खटकते, म्हणजे तिथे चिन्ह नको. ही युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते, सगळीकडे नाही. व्याकरणाच्या व्याख्या नकोत. काउंटरवर माणूस उभा असताना पटकन ओळखता येईल असं काही असेल तर सांगा.

बर्डीकर

भाऊ, धागा आवडला. सीताबर्डीत मेन रोडनं चालत जा, दर चार पाट्यांमागे एक नमुना सापडतो. “बुक’स, पेन’स” पासून “मोबाइल’स रिपेअर” पर्यंत. अनेकवचन दिसलं की वरून एक थेंब टाकायचा अशी रीत पडली आहे.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका

डीटीपीवाले दादा, तुमची युक्ती शंभर टक्के योग्य आहे. मी शाळेत मुलांना हेच सांगत असे. फक्त ती का चालते हे कळलं की विसरणार नाही.

ॲपॉस्ट्रॉफीची दोन कामं आहेत. एक, अक्षर गाळलं आहे हे दाखवणं. दोन, मालकी दाखवणं, म्हणजे राम’स बुक. गोंधळ याच दुहेरी कामामुळे होतो. “इट्स टेस्ट” मध्ये मालकी आहे, मग चिन्ह का नाही? कारण ही, शी, इट, हू अशा सर्वनामांच्या मालकीरूपांना चिन्ह लागतच नाही. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, कुठेही नाही. हिज लिहिताना कुणी मध्ये चिन्ह टाकत नाही. इट्स त्याच रांगेतला. हूज सुद्धा त्याच रांगेतला.

इंग्रजांचाही यात पूर्वी घोळच होता. सतराव्या-अठराव्या शतकात मालकीच्या इट्सला चिन्ह टाकून लिहिणारे भरपूर होते. “इट इज”चं जुनं आखूड रूप तेव्हा ’टिस असं होतं, म्हणजे पुढचं इ गाळलेलं. ’टिस मागे पडलं, इट’स आलं, आणि मग दोन्ही एकाच रूपात राहणं अडचणीचं झालं. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात मालकीच्या अर्थानं चिन्हवालं इट’स आहे. आज शाळेतल्या मुलानं ते लिहिलं तर आपण लाल गोल करू.

तेव्हा गिऱ्हाइकाला हसू नका.

पुणेरी_टिप्पणी

मॅडमचा प्रतिसाद माहितीपूर्ण. पण मराठी मंचावर इंग्रजीच्या चिन्हांचं इतकं कौतुक कशाला? आधी मराठी ऱ्हस्व-दीर्घ सुधारा.

बर्डीकर

आले. मी वाटच पाहून राहिलो होतो.

पुणेरी_टिप्पणी

“वाट पाहून राहिलो होतो” ही कुठली मराठी म्हणे?

मिहानवाली

ती आमची मराठी आहे काका, आणि इथे ती उपयोगाची आहे. “काय करून राहिला बे” म्हणजे व्हॉट आर यू डूइंग. आम्हाला चालू काळ वेगळा शिकवावा लागत नाही.

मी मिहानमध्ये, म्हणजे इथल्या आयटी कंपन्यांच्या भागात, काम करते, दिवसभर परदेशी क्लायंटना मेल. आमच्या टीममध्ये अडचण इट्सची कमी आणि ’ज, ’ड ची जास्त असते. डीटीपीवाले भाऊंची युक्ती तिथे अर्धवट पडते, कारण सोडवायचं कसं हाच प्रश्न असतो.

ही’ज म्हणजे ही इज, किंवा ही हॅज. कोणतं, ते पुढचा शब्द सांगतो. पुढे आयएनजी असेल, नाम असेल, टायर्ड-हॅपी असं विशेषण असेल तर इज. ही’ज वर्किंग, ही’ज अ डॉक्टर. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल, बीन, टेकन, सीन, तर बहुधा हॅज. ही’ज टेकन द फाइल. “ही’ज बीन” मध्ये तर हॅजच, इज बीन असं काही नसतेच. बहुधा म्हटलं, कारण कर्मणी वाक्यात इजच्या पुढेही तिसरं रूप येते, आणि “ही’ज गॉन” दोन्ही प्रकारे सोडवता येते.

ही’ड म्हणजे ही हॅड किंवा ही वुड. पुढे साधं क्रियापद असेल, गो, कम, लाइक, तर वुड. तिसरं रूप असेल तर हॅड. ही’ड गो, वुड. ही’ड गॉन, हॅड. याला एक अपवाद पाठच करावा लागतो : “यू’ड बेटर गो” मध्ये गो साधं असूनही ते हॅड आहे. “आय’ड रादर” मध्ये मात्र वुड.

अजून एक, जे पुस्तकात कमी आणि मेलमध्ये जास्त दिसते. “आर यू कमिंग?” याचं उत्तर “येस, आय’म” असं लिहून मोकळे होतात. ते चालत नाही. वाक्य जिथे संपते आणि जोर तिथेच पडतो, तिथे आखूड रूप बसत नाही, “येस, आय ॲम” पूर्ण लिहायचं. नकार असेल तर मात्र शेवटीही आखूड चालते : “नो, आय कान्ट.” चॅटवर येस आय’म वाचलं की समोरचा थांबून पुन्हा वाचतो, हे पाहिलं आहे.

आणि भाऊ, अर्जात, नोटिशीत, एसओपीत आखूड रूपं टाकूच नका. डोन्ट ऐवजी डू नॉट, इट’स ऐवजी इट इज. कॅनॉट हा एकच शब्द, मध्ये जागा नाही. तुमचा अर्धा घोळ तिथेच संपतो, कारण चिन्ह फक्त मालकीपुरतंच उरते.

डीटीपीवाला

ताई, हे शेवटचं लाखाचं सांगितलं. उद्यापासून अर्जात ’ दिसला की आधी सोडवतो, सुटला तर सुटलेलाच छापतो. न सुटला तर मालकी.

वऱ्हाडी_संस्कृत

पुण्याच्या काकांना एक सांगायचं होतं. आखूड रूपं काही इंग्रजांची मिरास नाही. आलाय म्हणजे आला आहे. केलंय म्हणजे केलं आहे. येतोयस म्हणजे येतो आहेस. “ही’ज कम” आणि “तो आलाय” यात काय फरक आहे? दोन्हीकडे सहायक क्रियापदच झिजून मागच्या शब्दाला चिकटलं. आपण चिन्ह टाकत नाही एवढंच. संस्कृतात टाकतात, अवग्रह : सोऽहम्, शिवोऽहम्. गाळलेल्या अ ची जागा ऽ दाखवतो. ज्याला अवग्रह कळला त्याला ॲपॉस्ट्रॉफीचं पहिलं काम शिकवावं लागत नाही.

पुणेरी_टिप्पणी

आलाय-केलंयचं उदाहरण मान्य.

बर्डीकर

स्क्रीनशॉट काढून ठेवला.

राज्यसेवा_तयारी

मी परीक्षेची तयारी करतोय, बँकेच्या पण देतो. चूक ओळखा प्रकारात सगळ्यात जास्त “डिड नॉट वेंट” टाइप वाक्यं येतात. वेंटच्या जागी गो पाहिजे हे पाठ आहे. पण का? भूतकाळ आहे तर वेंट का नाही? क्लासमध्ये सर म्हणतात “रूल आहे, लिहून घ्या.” कोणी नीट सांगेल का?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका

बाळा, फार चांगला प्रश्न. याचं उत्तर इंग्रजीच्या पुस्तकात सापडणार नाही, मराठीत सापडेल.

“मी गेलो.” नकार करा. “मी गेलो नाही.” भूतकाळ कुठे आहे? गेलो मध्ये. तो जागचा हलला नाही, नुसता नाही मागे लागला. म्हणून मराठी डोकं इंग्रजीत जातं तेव्हा वेंट तसाच ठेवतं आणि डिड नॉट चिकटवतं. विद्यार्थी मठ्ठ नसतो, तो आपल्या भाषेशी प्रामाणिक असतो.

इंग्रजीत उलट आहे. वाक्यात काळाची किल्ली एकाच क्रियापदाकडे राहते. डिड आला की किल्ली त्याच्याकडे गेली. मग मूळ क्रियापद साधंच राहणार : डिड नॉट गो, डिड यू गो. डज तसंच : ही डज नॉट गोज नाही, ही डज नॉट गो. 

आता याच जातीची दुसरी, आणि माझ्या मते नागपुरातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात जास्त होणारी चूक. “काल मी रामटेकला गेलो होतो.” याचं इंग्रजी सगळे करतात “आय हॅड गॉन टू रामटेक येस्टरडे.” आपल्या गेलो होतो मध्ये फार काही नसतं, गेलो, फिरलो, परत आलो, एवढंच. इंग्रजीत हॅड गॉन म्हटलं की ऐकणारा वाट बघतो : कशाच्या आधी? हॅडला भूतकाळातला दुसरा एक क्षण लागतो. “मी मोरभवनला पोचलो तेव्हा बस सुटली होती.” द बस हॅड लेफ्ट बिफोर आय रीच्ड. इथे दोन घटना आहेत, एक आधीची, म्हणून हॅड. नुसत्या रामटेकसाठी “आय वेंट टू रामटेक येस्टरडे” पुरेसं आहे.

म्हणून परीक्षेत हॅड दिसला की विचारायचं, कशाच्या आधी? वाक्यात किंवा मागच्या ओळीत उत्तर नसेल तर हॅड चुकीचा.

तिसरी : “मी दहा वर्षांपासून खामल्यात राहतो.” राहतो वर्तमानकाळ, म्हणून आय ॲम लिव्हिंग. वर्षांपासून, म्हणून सिन्स टेन इयर्स. दोन्हीकडे मराठीनं ओढलं. इंग्रजीत जे तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे त्याला हॅव बीन लागतं, आणि पासून चे दोन तुकडे होतात : सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स, सिन्स २०१५, मोजलेला काळ सांगितला तर फॉर, फॉर टेन इयर्स.

राज्यसेवा_तयारी

मॅडम, “कशाच्या आधी” हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

डब्लिनचा_नागपूरकर

धागा वाचून हात शिवशिवले. इकडे आयर्लंडमध्ये बरीच वर्षं झाली, मूळचा धरमपेठचा.

मॅडमनी जे सांगितलं ते मला इकडे येऊन उमजलं. इथल्या लोकांच्या इंग्रजी चुका आणि आपल्या चुका एकाच जातीच्या नाहीत. इथले लोक शुड ऑव्ह लिहितात. म्हणजे शुड हॅव. बोलताना शुड’व्ह असं होतं, ते ऑव्हसारखं ऐकू येतं, लिहिणारा ऑव्ह लिहून मोकळा. आय शुड ऑव्ह गॉन. आपल्याकडचा माणूस ही चूक सहसा करत नाही, कारण आपण हॅव पूर्ण उच्चारतो आणि इंग्रजी कानाआधी वहीतून शिकतो. युअर आणि यू’र, देअर आणि दे’र, हेही त्यांचं कानाचं दुखणं. डिड नॉट वेंट मात्र जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

म्हणून इंग्रजांनी इंग्रजांसाठी काढलेल्या “नेहमीच्या चुका” यादीवर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. त्या यादीत शुड ऑव्ह पहिल्या पानावर असतं आणि आपलं आय हॅड गॉन येस्टरडे कुठेच नसतं. आपल्या चुकांची यादी मराठी वाक्य समोर ठेवूनच करावी लागेल.

गंमत म्हणून : इथे ॲमन्’ट आय? असं म्हणतात. “आय’म राइट, ॲमन्’ट आय?” इंग्लंडमध्ये त्या जागी आरन्’ट आय म्हणतात, जे खरं तर आय आर झालं. तर्कानं ॲमन्’टच बरोबर वाटतं, पण परीक्षेत आरन्’टच लिहा. आणि वोन्ट मध्ये विलचा इ कुठे गेला असा प्रश्न कोणाला पडला असेल तर : विलचं जुनं एक रूप वोल असं होतं. वोल नॉट पासून वोन्ट. विल टिकलं, नकारात जुनं वोल अडकून बसलं.

बर्डीकर

डब्लिनवाले, आम्हाला सांगा तिकडे तर्री पोहे मिळतात का, मग पुढची चर्चा.

डब्लिनचा_नागपूरकर

मिळत नाहीत. जखमेवर मीठ नको.

डीटीपीवाला

आता माझा खरा दुखरा कोपरा काढतो. लाय आणि ले. एका शपथपत्रात मी स्वतः वाचलं, “द डॉक्युमेंट्स वेअर लाइंग ऑन द टेबल”, वकील साहेबांनी तसंच ठेवलं. दुसऱ्या कागदात “ही लेड ऑन द बेड” होतं, ते त्यांनी कापून ले केलं. मी विचारलं तर म्हणाले “ते तसंच असते.” काउंटरवर गर्दी होती, पुढे विचारता आलं नाही.

वऱ्हाडी_संस्कृत

हे माझ्या आवडीचं.

मराठीत पडणे आणि पाडणे. झाड पडलं, झाड पाडलं. तसंच मरणे-मारणे, तरणे-तारणे, चरणे-चारणे. आपोआप होते ते एक, दुसऱ्याकडून करवून घेतलं ते दुसरं, आणि फरक फक्त स्वराचा. संस्कृतात पतति, पातयति. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, तीन वर्षांचं पोर “मी पडलो” आणि “त्यानं पाडलं” यात चुकत नाही.

इंग्रजीत नेमकं हेच आहे, फक्त थोड्या जोड्या उरल्यात. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फॉल पडणे, फेल पाडणे, म्हणून झाड तोडण्याला फेल अ ट्री. राइज उठणे, रेज उठवणे, उंचावणे. लाय पडून राहणे, ले आडवं ठेवणे. ड्रिंक पिणे आणि ड्रेंच मुळात पाजणे, आता त्याचा अर्थ चिंब भिजवणे झाला. योगायोग नव्हे हा. इंग्रजी आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, आणि संस्कृतातला पातयति मधला प्रत्यय आणि जुन्या जर्मानिक (इंग्रजीच्या घराण्यातल्या) भाषांतला हे प्रयोजक, म्हणजे करवून घेण्याचं, रूप करणारा प्रत्यय मुळात एकच आहे.

म्हणून प्रश्न एकच : काय पाडलं, काय ठेवलं, काय उंचावलं, याचं उत्तर वाक्यात आहे का? असेल तर रेज, ले, सेट. नसेल तर राइज, लाय, सिट. “प्राइसेस हॅव रेज्ड”, किमती आपोआप वाढल्या अशा अर्थानं, तिथे हे चुकलं. किमतींनी काय वाढवलं याला उत्तर नाही, म्हणून रिझन. “द शॉपकीपर रेज्ड द प्राइस” बरोबर.

आता लायचा खरा फास. पडून राहण्याच्या लायचा भूतकाळ ले होतो. लाय, ले, लेन. ठेवण्याच्या लेचा भूतकाळ लेड. ले, लेड, लेड. ले हा शब्द दोन्ही रांगांत आहे, एकीत दुसऱ्या क्रमांकावर, दुसरीत पहिल्या. तुमचे वकील बरोबर होते : तो पलंगावर पडला, काय ठेवलं याला उत्तर नाही, म्हणून ही ले ऑन द बेड. कागद टेबलावर ठेवले असते तर ही लेड द पेपर्स. खोटं बोलण्याचा लाय वेगळाच, लाइड, लाइड, आणि आयएनजी दोघांचंही लाइंग. कोंबडी मात्र अंडं घालते, काय घालते याला उत्तर आहे, म्हणून ले.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका

फार सुंदर. इतकी वर्षं मी लाय-ले तक्ता पाठ करून घेत होते. पडणे-पाडणे फळ्यावर लिहिलं असतं तर मुलांचे कितीतरी तास वाचले असते.

मिहानवाली

लूज आणि लूज राहिलंच की.

हा घोळ उच्चारातून आपणच तयार केला आहे. सैल या अर्थाचा शब्द इंग्रजीत लूस आहे, स नं संपतो, एल-ओ-ओ-एस-ई. हरवणे, हरणे या अर्थाचा लूज, ज सारखा संपतो, एल-ओ-एस-ई. आपण मराठीत सैलला लूज म्हणतो. पँट लूज झाली, स्क्रू लूज आहे. मग दोन्ही कानाला सारखे झाले आणि लिहिताना दोन ओ हवेत की एक, हे लक्षात राहत नाही. सैलमध्ये जागा जास्त असते, दोन ओ तिथे.

आणि भाऊ, तुमच्या मार्कशीटच्या अर्जात “आय लूज माय मार्कशीट” येत असेल तर तिथे भूतकाळ हवा : आय लॉस्ट. किंवा आय हॅव लॉस्ट, कारण ती अजून सापडलेली नाही.

डीटीपीवाला

रोज येते. रोज. आठवड्यात एखादा तर “माय मार्कशीट इज लूज” घेऊन येतो.

सनदवाला

मी वर उल्लेख झालेला तो वकील नाही, पण त्याच कोर्टात असतो. दोन जोड्या आमच्या धंद्यातल्या, नक्की करून घ्या.

ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज. सल्ला हे नाम, सी ई नं संपतं. सल्ला देणे हे क्रियापद, एस ई. उच्चारही वेगळा, पहिलं स, दुसरं ज. त्याच धर्तीवर ब्रिटिश लेखनात प्रॅक्टिस आणि लायसन्स : नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. इथे उच्चार वेगळा होत नाही, म्हणून ॲडव्हाइस-ॲडव्हाइजवरून ठरवायचं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सी नंच लिहिलं आहे. अमेरिकेत प्रॅक्टिस दोन्हीकडे सी, लायसन्स दोन्हीकडे एस. कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन ठेवलेली असेल तर तो बरोबर लायसन्सखाली रेघ ओढेल. सेटिंग इंग्रजी-भारत करा.

हँगचं : चित्र टांगलं तर हंग. फाशी दिली तर हँग्ड. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (ती २०२४ पर्यंत लागू होती) कलम ३५४ मध्ये फाशीच्या शिक्षेच्या आदेशाचे शब्द दिले होते, तिथे हँग्डच होतं. कॉम्प्युटर अडकला तर हंग.

राज्यसेवा_तयारी

सर, अफेक्ट आणि इफेक्ट पण सांगा, दरवर्षी येते.

सनदवाला

अफेक्ट बहुतेक वेळा क्रियापद, परिणाम करणे. इफेक्ट बहुतेक वेळा नाम, परिणाम. विथ इफेक्ट फ्रॉम, तारखेपासून लागू, यात नाम. पण “टू इफेक्ट अ ट्रान्सफर” असंही लिहितात, तिथे इफेक्ट क्रियापद आहे, घडवून आणणे. परीक्षेत ते दिसलं तर चूक म्हणून खूण करू नका.

पुणेरी_टिप्पणी

एक शंका. “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स” हे चूक, पण “वी आर हॅविंग लंच” चालतं, असं का?

बर्डीकर

काका शंका विचारून राहिले.

मिहानवाली

भाऊ असणं ही स्थिती आहे, ती चालू-बंद होत नाही, म्हणून आय हॅव टू ब्रदर्स. जेवणं ही क्रिया आहे, आत्ता सुरू आहे, थोड्या वेळानं संपेल. हॅव जेव्हा खाणे, घेणे, करणे या अर्थानं येते तेव्हा आयएनजी चालते. नो, बिलाँग, ओन यांना सहसा चालत नाही. इथे आमचं करून राहिलो आडवं येते हे कबूल : आम्ही “मी समजून राहिलो” बिनधास्त म्हणतो, आणि मग मेलमध्ये आय ॲम अंडरस्टँडिंग जाते. मुंबई-पुण्याचे लोक “मला कळतंय” म्हणतात, त्यांच्याही मेलमध्ये तेच जाते.

डीटीपीवाला

आज एक पोट्टी अमेरिकेच्या कॉलेजसाठीचं एसओपी घेऊन आली. त्यात एका ओळीत “हॅव गॉट बेटर” आणि दुसऱ्या ओळीत “हॅव गॉटन बेटर”. कोणतं ठेवू? तिला उद्या अपलोड करायचं आहे.

डब्लिनचा_नागपूरकर

सुधारणे, होत जाणे या अर्थानं अमेरिकेत गॉटन, ब्रिटिश पद्धतीत गॉट. जवळ असणे या अर्थानं मात्र अमेरिकेतही हॅव गॉट, तिथे गॉटन नाही. कॉलेज अमेरिकेतलं आहे, दोन्ही ओळींत गॉटन करा. लर्न्ट असेल तर लर्न्ड करा, कलरमधला यू काढा. किंवा पोरीला विचारून सगळं ब्रिटिश ठेवा, तेही चालेल, पण मग तिचं लायसन्स, प्रॅक्टिस, सगळंच तसं पाहिजे.

डीटीपीवाला

अमेरिकनच ठेवा म्हणाली. बसलो आहे.